कागदाची होळी आणि अक्षराचे बंड

बंड हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, किल्ले, घोडदळ आणि रणशिंगे उभी राहतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी आणि बखरींनी हे चित्र आपल्या मनावर कायमचे कोरले आहे. ते खोटे नाही. परंतु ते पुरे नाही. सामान्य माणसाच्या आयुष्यात सत्ता क्वचितच तलवार घेऊन येते. ती येते कागदाच्या रूपाने. सावकाराचे खत, न्यायालयाचा हुकूमनामा, साऱ्याची मागणी, हजेरीचे पुस्तक, धर्मग्रंथातील आज्ञा या सर्वांचे सामर्थ्य अक्षरांत साठवलेले असते. ज्याला ती अक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्यावर ती अक्षरेच राज्य करतात. म्हणूनच महाराष्ट्राच्या इतिहासातील आणि साहित्यातील काही महत्त्वाची बंडे ही माणसांविरुद्ध जितकी होती, तितकीच किंवा त्याहून अधिक कागदाविरुद्ध होती. प्रस्तुत लेखात या एका धाग्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. कागदपत्रे तयार करणे, जपणे, शिकवणे व त्यांची अंमलबजावणी करणे हेच ज्यांचे नित्याचे काम, त्या अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांना या इतिहासाचे विशेष अगत्य वाटावे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. घडलेल्या घटनेस आपण कोणते नाव देतो, यावरून आपण कोठे उभे आहोत हे कळते. एकच घटना राज्यकर्त्याच्या दप्तरात 'दंगा' म्हणून नोंदली जाते, शेजारच्या गावात ती 'बंड' म्हणून सांगितली जाते आणि शंभर वर्षांनी इतिहासकार तिला 'उठाव' म्हणतो. ज्यांनी ती घडवली, त्यांनी तिला काय म्हटले असते हे बहुधा आपल्याला समजत नाही. कारण लेखणी त्यांच्या हाती नव्हती.

इंद्रायणीच्या डोहातील खते

सतराव्या शतकातील एका कथेपासून सुरुवात करणे उचित ठरेल. देहूच्या तुकोबांचे घराणे महाजनकीचे व सावकारीचे. वडील निवर्तले, १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, गुरेढोरे व माणसे अन्नान्न करीत गेली. वारकरी परंपरेने जपलेली आणि महिपतींच्या चरित्रलेखनातून घरोघरी पोहोचलेली कथा अशी, की तुकोबांनी घरातील कर्जाची खते बाहेर काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

याच परंपरेत दुसरी कथा आहे. धर्मसत्तेने तुकोबांच्या अभंगांवर आक्षेप घेतला आणि त्यांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. लोकमानसाने या दोन कथांचा शेवट मात्र वेगवेगळा केला. कर्जाची खते बुडाली, ती वर आली नाहीत. अभंगांच्या वह्या मात्र तरल्या. या कथांतील चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. तरीही त्यांतून एक न्यायनिवाडा स्पष्ट दिसतो. कोणता कागद टिकावा आणि कोणता बुडावा, याचा निर्णय जनतेने आपल्या मनाशी फार पूर्वीच करून ठेवला होता. त्यात आणखी एक मर्म आहे. येथे खते बुडवणारा ऋणको नव्हे, तर धनको आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे तो ती स्वेच्छेने सोडतो, तेव्हा बंडाची वेळ येत नाही. परंतु असे तुकोबा इतिहासात फार थोडे.

सुपे, १२ मे १८७५

तुकोबांनंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी याच पुणे परिसरात पुन्हा खतांचा प्रश्न उभा राहिला. या वेळी ती पाण्यात गेली नाहीत, अग्नीत गेली. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे इतिहासाला परिचित असलेले सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते; आज ते बारामती तालुक्यात आहे. बाजारपेठेचे हे मोठे गाव. अनेक दुकानदार व सावकार तेथे राहत. १२ मे १८७५, बुधवारी, आसपासच्या गावांतील शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांची मागणी एकच होती : हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. मिळतील ती खते रस्त्यावर आणून त्यांची होळी करण्यात आली. काही धान्याची दुकाने लुटली गेली, एक घर जाळले गेले.

चार दिवसांनी, १६ मे रोजी, पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी लिहिलेला वृत्तान्त उपलब्ध आहे. ते १५ तारखेस सुप्यास पोहोचले, तेव्हा रस्त्यात राखेचे ढीग अद्याप दिसत होते. सुमारे डझनभर घरे फोडून रिकामी करण्यात आली होती. ५० माणसांना पकडण्यात आले व २,००० रुपयांचा माल परत मिळाला. नुकसानीचा अंदाज २५,००० रुपयांहून अधिक होता. सावकार मात्र तो आकडा १ लाखाच्या वर सांगत होते.

सुप्यातील ठिणगी तेथेच विझली नाही. पुणे जिल्ह्यातून ती त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पोहोचली. पुढील दोन महिन्यांत सुमारे ६,५०० चौरस किलोमीटरच्या टापूतील तीसहून अधिक गावांत हाच प्रकार घडला. अनेक सावकार रातोरात गाव सोडून गेले. गावोगाव पोलीस ठाणी बसवावी लागली, सैन्य बोलवावे लागले. एकूण ९५१ माणसांना अटक झाली व त्यांपैकी अनेकांना शिक्षा झाल्या.

या प्रक्षोभाचे वैशिष्ट्य तत्कालीन अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. जमावाचा हेतू सर्वत्र खते व हुकूमनामे हस्तगत करून ती नष्ट करण्याचा होता. जेथे ती निमूटपणे स्वाधीन करण्यात आली, तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. जेथे नकार मिळाला, तेथे बळाचा वापर झाला. म्हणजे राग आंधळा नव्हता. त्याला आपले लक्ष्य नेमके ठाऊक होते. तथापि, या घटनेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. लक्ष्य झालेले बहुसंख्य सावकार गुजर व मारवाडी होते. ते बाहेरून आलेले, म्हणून परके, ही भावनाही या रागात मिसळलेली होती. घरे फुटली, कुटुंबे देशोधडीला लागली. अन्यायाविरुद्ध उठणाऱ्या हातून अन्याय होतच नाही, असे इतिहास सांगत नाही.

खतामागील कारणे

शेतकऱ्याला खताचा एवढा संताप का आला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी जमीन पाहणी व आकारणी सुरू केली. ही आकारणी ३० वर्षांसाठी होती. पूर्वीच्या पद्धतीपेक्षा ती सुसह्य होती, त्यामुळे लागवड वाढली. परंतु मुदत संपताच, १८६६-६७ पासून, फेरआकारणी झाली आणि अनेक ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक युद्ध चालले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध भडकले, तेथील कापसाची निर्यात थांबली आणि इंग्लंडमधील गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. १८६० ते १८६४ या काळात कापसाखालील क्षेत्र दुप्पट झाले. दख्खनच्या खेड्यांतील शेतकऱ्याला कापसाच्या प्रत्येक एकरामागे १०० रुपयांपर्यंत उचल सहज मिळू लागली. सावकार आपण होऊन पैसा देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. आता सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी येणी मागण्यास सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी सरकारचा वाढीव सारा दारात येऊन उभा राहिला. ज्या शेतकऱ्याने आपल्या आयुष्यात अमेरिकेचे नावही ऐकले नसेल, त्याच्या बांधापर्यंत ते युद्ध असे पोहोचले.

यात कायद्याचा भाग कोणता होता, हे अधिकारी वर्गाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. त्यानुसार सावकार व रयत यांच्यामधील खताची मुदत तीन वर्षांवर आणण्यात आली. व्याज दीर्घकाळ साचत जाऊ नये, हा त्यामागील हेतू. हेतू निःसंशय चांगला होता. प्रत्यक्षात मात्र सावकाराने दर तीन वर्षांनी ऋणकोकडून नवे खत लिहून घेण्यास प्रारंभ केला. थकलेले मुद्दल व व्याज एकत्र करून ते नव्या खतातील मुद्दल ठरे आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई. संरक्षणासाठी केलेली तरतूद अशा रीतीने फासासारखी आवळली गेली. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना संकेतही मागे पडला. पुढे झालेल्या चौकशीत १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण उघडकीस आले.

शेतकऱ्यांच्या तक्रारी कोणत्या होत्या? फेडीची पावती मिळत नाही. खतात खोटा आकडा घातला जातो. पीक कमी भावाने घेतले जाते. शेवटी जमीन, बैल व औतेही जातात. खतात काय लिहिले आहे हे न समजता अंगठा उठवावा लागतो; कारण अंगठ्याशिवाय कर्ज नाही आणि कर्जाशिवाय बी-बियाणे नाही. न्यायालयात गेल्यास तेथे साक्ष कागदाचीच. कागद म्हणेल ते खरे. अशा स्थितीत कागद हाच शत्रू वाटू लागला, तर त्यात नवल ते काय?

होळीपूर्वी शांततेचे मार्ग चोखाळले गेलेच नव्हते असे नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी करून ती सरकारपुढे मांडली होती. शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या अखेरीस सावकारांवर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला. त्यांची जमीन कसणे, त्यांच्याकडे मजुरी करणे लोकांनी थांबवले. बलुतेदारांनीही आपली सेवा बंद केली. अर्ज झाला, असहकार झाला आणि मगच आग लागली. हा क्रम विसरता येणार नाही.

अहवाल, कायदा आणि पळवाट

१८५७ च्या आठवणी ताज्या असल्यामुळे केंद्रीय सत्तेने मुंबई सरकारला या प्रकरणाची चौकशी करावयास लावली. दख्खन दंगल आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. आज आपल्याला सुप्याची जी माहिती आहे ती मुख्यतः या अहवालामुळे आहे. शेकडो पृष्ठांच्या जबान्या, आकडे, तक्ते त्यात आहेत. ज्या माणसांनी कागद जाळले, त्यांची कहाणी शेवटी कागदानेच जपली, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. मात्र हा कागद राज्यकर्त्यांनी लिहिलेला होता, ही गोष्ट विसरून तो वाचता येणार नाही. उठावास साऱ्याची मागणी जबाबदार नसून दोष सावकारांचा आहे, असा निष्कर्ष अहवालाने काढला. सरकारने स्वतःची चौकशी केली आणि स्वतःस निर्दोष ठरवले. याला एक सन्माननीय अपवाद होता. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात मुंबई इलाख्यातील साऱ्याच्या फेरआकारणीवर टीका केली होती.

अहवालाचे फलित म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्याच्या तरतुदी आजही अभ्यासण्याजोग्या आहेत. न्यायालयाने केवळ खताकडे न पाहता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन सामान्य कर्जासाठी विकली जाऊ नये. खते गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावीत. दिलेल्या पैशाची पावती व हिशेबाचे वार्षिक विवरण ऋणकोला मिळावे. दावा न्यायालयात जाण्यापूर्वी मध्यस्थामार्फत सलोख्याचा प्रयत्न व्हावा.

या यादीकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. खतांच्या होळीला दिलेले हे उत्तर प्रामुख्याने कागद सुधारण्याचे होते. खत मुकाटपणे लिहिले जाऊ नये, ते वाचून दाखवले जावे, त्याची नोंद व्हावी, त्याला पावतीची जोड असावी आणि न्यायाधीशाने त्याच्या आड डोकावून पाहावे, असे या कायद्याने मान्य केले. सुप्याच्या राखेतून निघालेला हा विवेकच होय.

परंतु कायद्यालाही पळवाटा असतात. अनेक सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कर्ज फिटल्यावर जमीन परत करण्याचा केवळ तोंडी शब्द उरला. कित्येकांनी शेतकऱ्याला कर्ज देणेच कमी केले. पुढे या कायद्यात दुरुस्ती करून खरेदीखताआडचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास द्यावा लागला. ऋणको निरक्षर राहतो आणि कर्जाला दुसरा पर्याय उभा राहत नाही, तोपर्यंत कायद्याचे कवच कितीही जाड केले तरी त्याला छिद्र पडतेच, हा यातून मिळणारा धडा होय.

जोतीरावांचे निदान

हा धडा सर्वांत स्पष्टपणे जाणला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अज्ञानापोटी फसवल्या जाणाऱ्या एका शेतकरी दांपत्याची ही कथा. सुप्याच्या घटनेच्या वीस वर्षे आधी लिहिलेल्या या नाटकात संतप्त शेतकरी कोणाचे घर जाळीत नाही. नाटकाच्या शेवटी ते दांपत्य शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेची वाट धरते. बंडाची ही एक संपूर्ण निराळी कल्पना होती. ज्या अक्षरांनी आपणांस बांधले, ती अक्षरेच हस्तगत करावयाची.

१८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे एकेक करून उलगडली. १८७६ ते १८७८ च्या महाभयंकर दुष्काळाची पार्श्वभूमी ताजी होती. त्याच दुष्काळाने व्यथित होऊन वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड पुकारले होते आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला होता. जोतीरावांनी शस्त्राऐवजी लेखणीचा असूड उचलला. आयोगाच्या अहवालाने जे मान्य केले नाही, ते त्यांनी निर्भीडपणे लिहिले. दर तीस वर्षांनी पाहणी करून सारा वाढवणाऱ्या धोरणावर त्यांनी बोट ठेवले. शेतकऱ्याच्या अज्ञानाचा लाभ घेणारे कचेरीतील कारकून आणि आळसाने त्यांच्यावर विसंबणारे गोरे अधिकारी यांनाही त्यांनी सोडले नाही. आणि केवळ टीका करून ते थांबले नाहीत. बंधारे व तलाव बांधावेत, पावसाने वाहून जाणारी माती अडवावी, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे, अशा सूचना त्यांनी केल्या. आजच्या पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांशी परिचित असणाऱ्या वाचकास या सूचनांचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या ग्रंथाची काही प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात छापली गेली. परंतु त्यातील भाषा इतकी जहाल होती की, सहकारी असूनही संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढील प्रकरणे छापण्याचे थांबवले. बंडखोर साहित्याला विरोध केवळ परक्यांकडून होतो असे नाही. कधीकधी आपलेही कचरतात.

महाडचा ठराव आणि महाडची होळी

सुप्यानंतर बावन्न वर्षांनी महाराष्ट्राने कागदाची आणखी एक होळी पाहिली. तिचा अर्थ सुप्याच्या होळीहून सर्वस्वी भिन्न होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या समाजास खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे उलटली तरी कोणास तेथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. १८७५ मध्ये अन्यायाचा कागद अमलात येत होता. महाडला न्यायाचा कागद अमलात येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. ते बंड एका अर्थाने शासनाच्याच ठरावाची अंमलबजावणी होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा लढा एका ग्रंथातील विषमतेविरुद्ध होता, जन्मजातीविरुद्ध नव्हता, हे स्पष्ट होते. सुप्यातील शेतकऱ्याने खत जाळले, कारण त्याला ते वाचता येत नव्हते. महाडला ग्रंथ जाळला गेला तो वाचून, तपासून, त्यावर विचार करून आणि रीतसर ठराव करून. दोन होळ्यांमधील हे अंतर जोतीरावांच्या शाळेने कापले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तळ्यावरील दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात झुंज दिली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. आणि दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वतंत्र भारताच्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीची स्थापना झाली व तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. अन्यायाचा कागद जाळणाऱ्या हाताने न्यायाचा कागद लिहिला. बंडाची याहून मोठी परिणती कोणती असू शकते?

हजेरीचे पुस्तक आणि कादंबरीचे पुस्तक

साहित्यातील बंडाचा विचार करताना अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' या कादंबरीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. वारणेच्या खोऱ्यातील मांग समाजाचा नायक दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभा ठाकतो, अशी तिची कथा. येथेही सत्ता कागदाच्या रूपाने येते. मात्र तो कागद कर्जाचा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट खुली केली होती आणि हजेरी देण्याचे अपमानास्पद बंधन त्यातून लादले गेले. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला.

कादंबरीतील एक पात्र या लेखाच्या वाचकांनी आवर्जून पाहावे असे आहे. ते म्हणजे गावचे कुलकर्णी विष्णुपंत. गावचे दप्तर सांभाळणारा हा माणूस. त्याच्या हाती लेखणी आहे, नोंदी आहेत आणि वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोच आहे. भुकेने मरणाऱ्यांच्या बाजूने तो उभा राहतो. सत्तेच्या यंत्रणेतील माणूससुद्धा माणूस राहू शकतो, ही ग्वाही अण्णाभाऊंनी या पात्राद्वारे दिली. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या या लेखकाने ती दिली, म्हणून तिचे मोल अधिक आहे. ज्यांची नावे केवळ हजेरीपटावर किंवा आरोपींच्या यादीत नोंदली गेली, त्यांना अण्णाभाऊंनी कादंबरीच्या पानांवर सन्मानाने आणले. इतिहासाने जे लिहिले नाही ते साहित्याने लिहिले.

समारोप

सुप्याच्या घटनेला आता दीडशे वर्षे उलटली आहेत. या काळात परिस्थितीत मूलभूत बदल झाला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा ठरली. माहिती मिळवण्याचा अधिकार २००५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक नागरिकास लाभला. महाराष्ट्राने तत्पूर्वीच स्वतःचा कायदा केला होता. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवाना, हिशेब व पावती यांची बंधने घातली, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला, उतारा वा परवाना विशिष्ट मुदतीत मिळण्याचा हक्क मान्य केला. १८७९ मध्ये चार जिल्ह्यांपुरता मान्य झालेला विवेक असा विस्तारत गेला आहे.

तथापि, महाडचा अनुभव सांगतो की, ठराव होणे आणि तो अमलात येणे यांत मोठे अंतर असते. आणि १८५९ च्या कायद्याचा अनुभव सांगतो की, चांगल्या हेतूने केलेला नियमही ज्याच्यासाठी तो केला त्याच्याच गळ्यात अडकू शकतो. म्हणून आपल्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कागदाविषयी काही साधे प्रश्न स्वतःस विचारावयास हवेत. ज्याची सही अथवा अंगठा आपण घेत आहोत, त्याला तो कागद समजला आहे काय? तो त्याच्या भाषेत आहे काय? त्याला त्याची प्रत मिळाली काय? ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवला जातो, तेव्हा तो ऐकू यावा म्हणून वाचला जातो, की उरकावा म्हणून? आज खताची जागा छापील अर्जाने आणि संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. पडद्यावर अंगठा टेकवणाऱ्या वृद्धेस आपण कशाला संमती देत आहोत हे ठाऊक नसेल, तर शाईचा अंगठा आणि यंत्रावरचा अंगठा यांत फरक तो काय राहिला?

बंडाचा इतिहास वाचताना आपण सहजपणे बंडखोराच्या बाजूला जाऊन बसतो. ते सोपे असते. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण आज दप्तराच्या या बाजूला बसलेले आहेत, हे मान्य करूनच तो वाचला पाहिजे. सुप्याच्या रस्त्यावरील राखेत केवळ सावकाराच्या वह्या नव्हत्या. पावती न मिळालेल्या हप्त्यांचा, न वाचता उठवलेल्या अंगठ्यांचा आणि उत्तर न मिळालेल्या अर्जांचा हिशेब त्या राखेत होता. तो हिशेब वेळच्या वेळी चुकता करणे, हेच लोकशाहीत अक्षर हाती असलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.